पाच हजारांचं गिफ्ट कार्ड, तेही न मागता

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका ताईंच्या वडिलांना, वय ७१, एका मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या नावाने मेल आला: ‘अभिनंदन! आमचे जुने ग्राहक म्हणून तुमची ५,००० रुपयांच्या गिफ्ट कार्डासाठी निवड झाली आहे.’ खाली नारिंगी बटण, ‘कार्ड मिळवा’, आणि त्याखाली मुदत, आज रात्री ११.५९. बाबांनी बटण दाबलेलं नाही. पण त्यांचं म्हणणं असं की मेलमध्ये नाव बरोबर आहे, मोबाईलचे शेवटचे चार आकडेही बरोबर आहेत, म्हणजे दुकानाकडूनच आला असणार. ताईंनी ‘शो ओरिजिनल’ (मेलची मूळ तांत्रिक नोंद) उघडून बघितलं तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता तपासणाऱ्या तीन चाचण्या, तिन्हीपुढे ‘पास’. वर त्यांना आठवतंय की मागच्या दिवाळीत त्यांच्या ऑफिसकडून असाच मेल आला होता, अनोळखी पत्त्यावरून, आणि तो खरा निघाला. मग ओळखायचं कसं?

आधी निकाल सांगतो, कारण घड्याळ ११.५९ कडे चाललंय. मेल खोटा आहे. बटण दाबू नका. रात्री बारा वाजून गेले की काहीही बुडणार नाही. उलट दोन दिवसांनी ‘शेवटची संधी’ म्हणून हाच मेल परत येईल, बघाच.

आता कारणं. मी सतरा वर्षं कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो. रोज सकाळी अडवलेल्या मेलचा ढीग चाळणं हा माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे असे नमुने डोळ्यांखालून बरेच गेलेत. तरी सांगतो, नुसतं मेलचं रूप बघून मीही फसू शकतो, आणि उलट्या बाजूने फसलोही आहे. ते पुढे सांगतो.

बाबांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो वेडगळ अजिबात नाही. ज्याला माझं नाव आणि नंबर माहीत आहे तो माझ्या ओळखीचा, हा हिशोब त्यांच्या पिढीत चाळीस वर्षं बरोबर येत होता. आता येत नाही. गेल्या वर्षभरात बाबांनी आपला नंबर कुठे कुठे दिला ते आठवून बघा. औषधांच्या दुकानात बिल करताना, मॉलमध्ये लकी ड्रॉच्या डब्यात चिठ्ठी टाकताना, नातेवाइकांच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या वहीत, कपड्यांच्या दुकानात ‘पॉइंट जमा होतील’ म्हणून. यातल्या कुठल्या तरी एका ठिकाणची यादी बाहेर गेली की नाव, नंबर आणि मेलचा पत्ता एकाच ओळीत कुणाच्या तरी हातात पडतो. नाव बरोबर असण्याचा अर्थ एवढाच, की यादी बरी होती.

पाठवणाऱ्याच्या नावाचंही तेच. मेलवर वर ठळक अक्षरांत जे दुकानाचं नाव दिसतं ते पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं. तिथे मी ‘भारतीय रिझर्व्ह बँक’ लिहिलं तरी जीमेल मला अडवणार नाही. खरा पत्ता त्या नावामागे असतो. मोबाईलवर नावाखाली ‘टू मी’ असं बारीक लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारच्या बाणावर बोट ठेवलं की तो दिसतो. ताईंनी तो उतरवून पाठवलाय. अ‍ॅटच्या खुणेनंतर आधी दुकानाचं नाव, मग डॉट इन, मग पुन्हा डॉट, मग ‘रिवॉर्ड्स-क्लेम’, आणि शेवटी डॉट टॉप.

हे वाचायची रीत पोस्टाच्या पत्त्यासारखी आहे, शेवटाकडून. पाकिटावर ‘लक्ष्मी रोड, सदाशिव पेठ, कानपूर’ असं लिहिलेलं असेल तर ते पत्र कानपूरला जाणार, त्याआधी किती का पुणेरी नावं लिहिलेली असेनात. इथे कानपूर म्हणजे ‘रिवॉर्ड्स-क्लेम डॉट टॉप’. त्याच्या डावीकडे दुकानाचं नाव लिहिणं फुकट आहे, त्या पत्त्याचा मालक हवं ते लिहू शकतो. बटणावर बोट दाबून धरलं (दाबून धरायचं, टिचकी मारायची नाही) तर आतली लिंक दिसते, तीही याच रीतीने वाचायची. तरी एक फसवणूक उरतेच. इंग्रजी आर आणि एन ही अक्षरं शेजारी शेजारी आली की मोबाईलच्या बारीक टायपात ती एमसारखी दिसतात. सत्तरीतल्या डोळ्यांना काय, मलाही चष्मा लावून दिसत नाही.

त्या तीन ‘पास’बद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण अर्धवट तांत्रिक माहिती असलेली माणसं नेमकी इथे फसतात. एसपीएफ विचारतं, या पत्त्याच्या मालकाने या सर्व्हरला आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी दिली आहे का? डीकेआयएम विचारतं, त्याने मारलेली सही शाबूत आहे का, वाटेत कुणी मजकुरात हात घातला का? आणि डीमार्क बघतं की या दोनपैकी निदान एका तपासणीत पास झालेला पत्ता तुम्हाला दिसणाऱ्या पत्त्याशी जुळतो का. तिन्ही पास झाले म्हणजे हा मेल खरोखर ‘रिवॉर्ड्स-क्लेम डॉट टॉप’कडूनच आलाय. बरोबर! तिथूनच आलाय. चोराने पोलिसाला स्वतःचं खरं आधार कार्ड दाखवलं तर त्याची ओळख पटते, सचोटी नव्हे. तो पत्ता, म्हणजे ते डोमेन, त्याने विकत घेतलंय, सगळ्या तांत्रिक नोंदी व्यवस्थित केल्यात, कारण त्या केल्या नाहीत तर मेल स्पॅममध्ये जातो हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. साध्या फुकटच्या जीमेल खात्यावरून पाठवलेला लबाड मेलसुद्धा तिन्ही ठिकाणी पास होतो. ‘फेल’ दिसलं तर सावध व्हायचं, पण ‘पास’ दिसलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

शुद्धलेखनावर तर आता जाऊच नका. पूर्वी ‘प्रीय ग्राहक, तुमी जिंकले आहात’ असे मेल यायचे आणि आपण हसून सोडून द्यायचो. आता मशीनकडून लिहून घेतलेलं मराठी येतं, आणि ते आमच्या सोसायटीच्या नोटिसांपेक्षा शुद्ध असतं.

आता माझी फजिती. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात मी तेव्हा जिथे काम करत होतो तिथे मला मेल आला. कधी न ऐकलेल्या कंपनीच्या पत्त्यावरून, चकचकीत पणत्यांचं चित्र, ‘तुमचे २,००० रुपयांचे व्हाउचर तयार आहे’, सात दिवसांची मुदत आणि मोठं बटण. मी मोठ्या अभिमानाने तो फिशिंग, म्हणजे माहिती उकळणारा फसवा मेल, म्हणून कळवला, पुण्यातल्या सगळ्या मेलबॉक्सांमधून उडवला, वर सूचनाही पाठवली, ‘असे मेल उघडू नयेत.’ दोन दिवसांनी एचआरच्या बाईंचा फोन. व्हाउचर खरी होती. कंपनीने बाहेरच्या एका रिवॉर्ड कंपनीला काम दिलं होतं आणि आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. माझं स्वतःचं व्हाउचर तर मुदतीनंतर सापडलं. त्या दिवाळीत ऑफिसात मला कुणी फराळाचं विचारलं नाही.

कंपन्या ही व्हाउचर सहसा स्वतः पाठवत नाहीत. मधे वूहू, गिफ्टर, प्लक्सी (म्हणजे पूर्वीचं सोडेक्सो) यांच्यासारखे मध्यस्थ असतात, म्हणून पत्ता अनोळखी, बटण मोठं आणि मुदत जवळची, अशी सगळी ‘लक्षणं’ खऱ्या मेलमध्येही सापडतात. ताई, तुमचा दिवाळीचा अनुभव त्यातलाच. लक्षणांची यादी पाठ करून भागत नाही ते यामुळे.

म्हणून मी हल्ली मेलकडे बघत कमी बसतो आणि दोनच गोष्टी विचारतो. देणारा कोण? आणि घ्यायला मला काय द्यावं लागतंय?

लग्नात आहेराच्या पाकिटावरसुद्धा नाव असतं. ५०१ रुपये का असेनात, ‘श्री. व सौ. अमुक’ असं लिहिलेलं असतं, आणि घरातली एखादी मावशी ते वहीत उतरवून घेते, कारण पुढे परत आहेर करायचा असतो. खऱ्या गिफ्ट कार्डालाही देणारा असतो. भाचा असेल, ऑफिस असेल, क्रेडिट कार्डाचे पॉइंट वापरून तुम्हीच मागवलेलं असेल. त्याला फोन करून ‘पाठवलंस का रे?’ असं विचारता येतं. फोन अर्थातच आपल्याकडच्या नंबरवर करायचा, मेलमध्ये छापलेल्या नंबरवर नाही. बाबांच्या मेलमध्ये देणारा आहे कोण? ‘आमची निवड समिती’. तिला फोन कुठे करणार?

दुसरा प्रश्न त्याहून कामाचा. गिफ्ट कार्ड म्हणजे मुळात एक कोड असतो, कधी त्यासोबत पिन. तो कोड दुकानाच्या अ‍ॅपमध्ये आपण आपल्या हाताने टाकायचा, रक्कम आपल्या खात्यात दिसते, संपलं. खऱ्या मेलमध्ये बहुतेक वेळा कोड तिथेच लिहिलेला असतो, किंवा मध्यस्थाच्या साइटवर जाऊन तो बघायचा असतो. कोड घेण्यासाठी पॅन, बँकेचा खाते क्रमांक, डेबिट कार्डाचे सोळा आकडे, मागच्या बाजूचा सीव्हीव्ही, यूपीआयचा पिन यातलं काही लागत नाही. यूपीआयचा पिन तर पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. बँका आणि वॉलेट कंपन्या जी गिफ्ट कार्डं काढतात त्यांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: एका कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, पुन्हा रिचार्ज करता येत नाही, आणि त्याची रोकडही करता येत नाही. तेव्हा ‘बँकेचं ५०,००० चं गिफ्ट कार्ड, रक्कम थेट तुमच्या खात्यात वळती करू’ असं कुणी म्हणालं तर त्याने नियमही वाचलेले नाहीत. दुकानाचं स्वतःचं, फक्त त्याच दुकानात चालणारं कार्ड या नियमात बसत नाही, तिथे रक्कम वेगळी असू शकते.

उत्सुकता म्हणून सांगतो, बाबांनी बटण दाबलं असतं तर काय झालं असतं. मी ती लिंक वेगळ्या, बंदिस्त मशीनवर उघडून पाहिली. (तुम्ही हे करू नका, माझ्याकडे त्यासाठी रिकामा संगणक ठेवलेला असतो.) आधी तीन सोपे प्रश्न आले: वय, शहर, किती वेळा खरेदी करता. कुणाचं काय बिघडतं, म्हणून माणूस उत्तरं देतो आणि त्यात गुंततो. मग एक चक्र फिरलं, ‘तुम्ही शेवटच्या ११ जणांत आहात!’ मग पत्ता. आणि सगळ्यात शेवटी, कार्ड पाठवण्याचा खर्च म्हणून ४९ रुपये, ‘कृपया डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने भरावेत’.

सगळं नाटक त्या ४९ रुपयांसाठी. पाच हजार मिळतायत तर पन्नासाची नोट सुटली तर सुटली, असं कुणालाही वाटेल. त्यांना ४९ नकोच आहेत, त्यांना कार्डाचे आकडे हवेत. आपल्याकडच्या व्यवहाराला ओटीपी लागतो म्हणून आपण बेफिकीर असतो, पण परदेशातल्या अनेक साइट ओटीपी न विचारता रक्कम कापून घेऊ शकतात. म्हणून आजच बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बाबांच्या कार्डाचा परदेशी वापर बंद करून टाका. रिझर्व्ह बँकेने ही चालू-बंद करायची सोय द्यायला लावली त्याला आता काही वर्षं झाली, पण ती वापरणारे फार कमी भेटतात.

दुसऱ्या काही मेलमध्ये बटणामागे दुकानाच्या लॉगिनसारखं दिसणारं पान असतं, तिथे पासवर्ड आणि पाठोपाठ ओटीपी काढून घेतात. आणि ‘कार्डासाठी आमचं अ‍ॅप उतरवा’ म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरला वळसा घालून मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी) आली तर तिच्याबद्दल चर्चासुद्धा नको.

आता याच दुखण्याचा उलटा प्रकार, आणि मला वाटतं पुण्यात जास्त नुकसान यानेच होतं. तिथे कार्ड तुम्हाला देत नाहीत, तुमच्याकडून घेतात.

वारज्याच्या एका सोसायटीतलं सांगतो. साठ-एक फ्लॅट. खजिनदार काका माझ्या ओळखीचे, हिशोबाला एकदम काटेकोर, चहाच्या पावतीवाचून पैसे न देणारे. त्यांना सोसायटीच्या अध्यक्षांच्या नावाने मेल आला. दोन ओळींचा: ‘मोकळे आहात का? एक काम होतं. मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही.’ काकांनी उत्तर दिलं, ‘बोला.’ मग आलं: ‘वॉचमन आणि सफाईवाल्यांना दिवाळीला सरप्राइज द्यायचंय. २,००० ची पाच गिफ्ट कार्डं घ्या. मागचं स्क्रॅच करून कोडचे फोटो इथेच पाठवा, मी सगळ्यांना एकदम देतो. पैसे सोसायटीतून वळते करू. कुणाला सांगू नका, सरप्राइज आहे.’

काकांनी सुपरमार्केटमधून पाच कार्डं घेतली, गाडीत बसून नाण्याने खरवडली आणि फोटो पाठवले. दहा मिनिटांत उत्तर: ‘उत्तम. अजून पाच लागतील.’ काका परत आत गेले. काउंटरवरची मुलगी, विशी-बाविशीची असेल, म्हणाली, ‘काका, एवढी कार्डं कशाला? कुणी मागितलीयत का?’ तेव्हा कुठे काकांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष बी विंगमध्ये, घरी, लुंगीवर क्रिकेट बघत होते. मेल त्यांचा नव्हताच. नाव त्यांचं, पत्ता कुठलातरी जीमेलचा. सोसायटीच्या समितीची नावं, कुणाचं पद काय, हे सगळं सोसायटीच्या वेबसाइटवर मेलच्या पत्त्यांसकट लावलेलं होतं.

काकांनी मला फोन केला. मी पहिलं एवढंच म्हटलं की कार्डाच्या मागचा ग्राहक सेवेचा नंबर आधी फिरवा, बाकी नंतर. तोवर तीन कार्डं वापरून झाली होती. दोन शिल्लक होती, ती गोठवली गेली. दहापैकी चार हजार वाचले, तेही काकांनी पावती आणि खरवडलेली कार्डं खिशात ठेवली होती म्हणून. पावतीची सवय कामी आली!

चोरांना गिफ्ट कार्डंच का हवी असतात? बँकेत पैसे मागवले तर खातं कुणाचं ते निघतं, खातं गोठवता येतं. कोडला नाव नसतं. ज्याने आधी टाकला त्याचा झाला. फोटो मिळाल्यावर काही मिनिटांत तो दुसरीकडे कमी भावाने विकला जातो. हे आपल्या दाराशीच चालतं, म्हणून सांगतो. २०१६ साली मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना ‘तुमचा कर थकलाय’ अशी धमकी देऊन आयट्यून्सच्या गिफ्ट कार्डांचे कोड उकळले जात होते. मे २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी खराडीतल्या एका इमारतीत छापा घातला तेव्हाही तोच धंदा, अमेरिकन माणसांना घाबरवून गिफ्ट कार्डं घ्यायला लावायची. कर, दंड, जामीन, वीजबिल, हॉस्पिटलचं डिपॉझिट, यातल्या कशासाठीही कुठलंच खरं कार्यालय गिफ्ट कार्डाचे कोड मागत नाही.

आणि साहेबाच्या नावाचा धाक हा काही फक्त सोसायटीच्या खजिनदारालाच बसतो असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवून सीरम इन्स्टिट्यूटकडून १ कोटी १ लाखाहून जास्त रक्कम वळवून घेतली गेली, बंडगार्डन पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. तिथे गिफ्ट कार्डं नव्हती, बँक खाती होती. पण मुद्दा तोच: वरच्याचं नाव, आणि ताबडतोब पाठवा. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका’ हे वाक्य दिसलं की मी पहिलं काम फोन करण्याचं करतो. साहेब चिडले तर चिडले.

तिसरा प्रकार पटकन सांगतो. ‘तुम्ही ४९,९९९ रुपयांचं गिफ्ट कार्ड खरेदी केलंत, धन्यवाद. खरेदी तुमची नसल्यास या नंबरवर फोन करा.’ यात लिंक नसते, फाइल नसते, म्हणून मेलची गाळणी त्याला सोडते. घाबरून फोन केला की पलीकडचा गोड आवाज ‘रद्द करून देतो’ म्हणत मोबाईलमध्ये एनीडेस्कसारखं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि मग तुमचा पडदा त्याच्या पुढ्यात. रिझर्व्ह बँकेने या अ‍ॅपबाबत बँकांना २०१९ सालीच सावध केलं होतं. अशा वेळी दुकानाच्या अ‍ॅपमध्ये आपल्या ऑर्डरी आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघायची. दोन्हीकडे काही नाही म्हणजे खरेदी झालेलीच नाही.

ऑफिसच्या मेलबद्दल, ताई, तुमच्यासाठी: मेललाच उत्तर देऊन ‘खरं का?’ असं विचारू नका, उत्तर त्याच माणसाकडे जातं. कंपनीच्या आतल्या पोर्टलवर सूचना आहे का बघा, नाहीतर एचआरच्या टेबलाशी जाऊन विचारा. आणि कधी कधी मेल आपल्याच कंपनीने परीक्षा म्हणून पाठवलेला असतो. २०२० च्या डिसेंबरात गोडॅडी या अमेरिकन कंपनीने आपल्या लोकांना ६५० डॉलरच्या बोनसचा असा खोटा मेल पाठवला, जे फसले त्यांना प्रशिक्षणाला बसवलं, आणि मग लोक भडकल्यावर माफी मागितली. ऐन सणात बोनसचं आमिष दाखवून लोकांची परीक्षा घेणं मला पटत नाही. मी अशा चाचण्या घेतो, पण लिफ्ट-दुरुस्तीच्या नोटिशीवर.

समजा कुणी बटण दाबून माहिती भरून बसलंच आहे, तर आधी कार्ड बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा, मग १९३० या नंबरवर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असतात तेवढ्या वेळात ते अडवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतःही नोंदवता येते, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन. पोलीस ठाण्यात जायचं झालं तर लक्षात ठेवा, हिंजवडी-वाकडची मंडळी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, ते २०१८ पासून वेगळं आहे. कोथरूडकर पुणे शहरात. तरी हद्दीवरून कुणी परत पाठवू लागलं तर १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक पुढे करा. मेल मात्र पुसू नका, पुरावा तोच आहे.

मेलचा पासवर्ड दिला गेला असेल तर तो दुसऱ्या मशीनवरून बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आणि एक जागा जिथे कुणी बघत नाही तिथे बघा: सेटिंग्जमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर. आत शिरलेला माणूस जाताना तिथे नियम लावून जातो, की बँकेकडून येणारा प्रत्येक मेल मला पाठव आणि इथून लपव. पासवर्ड बदलूनही तो नियम तसाच राहतो.

बँकेकडून भरपाई मिळेल का, हा प्रश्न येणारच. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भुर्दंड नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून घाई फोन करण्याचीच. खजिनदार काकांसारखी स्वतःच्या हाताने घेतलेली कार्डं यात येत नाहीत, तिथे कार्ड काढणारी कंपनीच काय ती मदत करू शकते.

तर आज रात्री तुमच्या घरी काय करायचं ते. बाबांसमोर त्या दुकानाचं अ‍ॅप उघडा, नेहमीचं, मोबाईलवर आधीपासून असलेलं. त्यात गिफ्ट कार्डाची शिल्लक दाखवा. दुकानाने खरंच खात्यात काही टाकलं असतं तर ते तिथे दिसलं असतं. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांना ते शून्य जास्त पटेल. मग मेल ‘रिपोर्ट फिशिंग’ करा. ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका, त्याने पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की खोटा निघाला तर बाबा त्या लोकांना खरमरीत उत्तर पाठवणार आहेत, मसुदा तयार आहे. उत्तर गेलं की पलीकडे ‘हा पत्ता जिवंत आहे आणि माणूस उत्तर देतो’ अशी नोंद होते, आणि अशा पत्त्यांना यादीत जास्त भाव मिळतो. तेव्हा मसुदा त्यांच्याकडून काढून घ्या आणि मला पाठवा. मला वाचायचाय.